मासे मजेत आहेत

शेजारच्या लिफ्टवाल्या काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मेलेले होते. त्यांच्या बागेतल्या तळ्याच्या काठावर पालथे, मान पाण्यावर लोंबकळलेली, एक चप्पल पायात, दुसरी गवतात. आम्ही त्याच दिवशी राहायला आलो होतो. मी किंचाळून हातातला खोका टाकला (आत बायकोचे काचेचे ग्लास होते) आणि कुंपणावरून अशी उडी मारली की हरणाने शिकवणी लावावी. पँटचा काही भाग मात्र कुंपणावरच राहिला.

प्रेताने मान वळवली. "हळू हो! जेवतायत ते."

'ते' म्हणजे तीन गोल्डफिश. काकांची लेक लग्न होऊन दूर गेली तेव्हा ते बाबांच्या हवाली करून गेली होती. काकांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. "एवढे वरखाली करतात, पण एकदा तरी मध्ये अडकले का बघा!" असं म्हणत ते तासन्‌तास माशांकडे बघायचे.

पुढे ऊन वाढलं आणि तळ्याचं पाणी हिरवंगार झालं. मासे दिसेनात. ते वर यावेत म्हणून काका जास्त खाणं टाकू लागले, ते कुजून पाणी आणखी हिरवं झालं, म्हणून काकांनी आणखी टाकलं.

"आता त्यात पालकच लावा," काकू म्हणाल्या.

दर रविवारी लेकीचा फोन यायचा. "बाबा, मासे कसे आहेत?"

"मजेत!"

"मोठा अजून शेपटी नाचवतो?"

"नाचवतो म्हणजे? थांबतच नाही लेकाचा!"

फोन ठेवला की काकांचा चेहरा पडायचा.

"पाणी उपसून बघा ना," मी म्हटलं.

"आणि मेलेले निघाले तर? पोरीला काय सांगू?"

लेकीने यायचं ठरवलं तेव्हा काकूंनी एक बादली नवऱ्याला दिली, दुसरी मला. आम्ही उपसायला लागलो. पाणी गुडघ्याखाली उतरलं आणि मी फिरवलेल्या जाळीत बोटाएवढे काळे मासे वळवळत आले. दहा-बारा तरी असतील. काका चिखलात मटकन बसले.

"संपलं! या परक्यांनी खाल्ले माझ्या पोरीचे मासे."

"एवढेसे जीव काय खातील? तुमचं आपलं काहीतरीच!" काकू म्हणाल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. लेक आधीच्या गाडीने आली होती. कोपरापर्यंत हिरव्या झालेल्या बापाने एका दमात सगळं ओकून टाकलं, "तुझे मासे मी कित्येक महिन्यांत पाहिलेलेच नाहीत गं. फोनवर सगळं खोटं सांगत होतो."

तिने बादलीत डोकावलं आणि हसत सुटली. "अहो बाबा, ही पिल्लं आहेत! आधी काळीच असतात, रंग मागाहून येतो. आईबाप कुठेत यांचे?"

मी कमळाची कुंडी हलवली. तिच्यामागे तिघेही होते, गलेलठ्ठ, सोनेरी, जरा वैतागलेले.

काकांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वारा लागला. डोळे पुसताना त्यांनी तोंडही हिरवं करून घेतलं. मग ताठ उभे राहून लेकीला म्हणाले, "मजेत आहेत म्हटलं होतं की नाही?"

"बाबा!" म्हणत तिने हिरव्या बापाला तसंच कवटाळलं.

त्याला दोन वर्षं झाली. पिल्लांपैकी एकच सोनेरी झालं. बाकीची काळीच राहिली (काहींना रंग येतच नाही म्हणे), पण काका आता त्यांना परके म्हणत नाहीत.