राखणदाराचा पहिला पेला

सुचित्रा परबच्या हाताला मीठ कधी चुकलं नाही, असं लालबागच्या त्या चाळीतल्या कोणालाही विचारा. गणपतीत सव्वीस माणसांची पंगत असो की सत्यनारायणाचा शिरा, चमच्याच्या टोकावरही तिनं कधी चाखून पाहिलं नाही. देवाला दाखवायच्या आधी जीभ लावली की ते उष्टं झालं, हा तिच्या सासूचा नियम. सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली, नियम मात्र अजून ओट्याशी कंबरेवर हात ठेवून उभा होता. शेजारच्या बायका म्हणायच्या, हिच्या डोळ्यातच जीभ आहे. सुचित्राला ते ऐकायला आवडायचं. तिचं असं म्हणून मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

बाकी संसाराचं काय सांगावं. नवरा हितेंद्र नाटकांच्या लाइटचं काम करायचा. रंगमंचावरच्या उंच शिडीवर चढून हा माणूस दिवे असे लावी, की नटीच्या डोळ्यातलं पाणी शेवटच्या रांगेतून दिसावं. प्रयोग संपला की सगळ्यांबरोबर घोटभर. मग प्रयोगाच्या आधी घोटभर. मग प्रयोग नसला तरी. शेवटी हात इतके थरथरायला लागले की कंत्राटदारानंच एक दिवस शिडी धरून ठेवली आणि म्हणाला, परबशेठ, तुम्ही आता घरी आराम करा. तेव्हापासून हितेंद्र आरामच करत होता. सकाळी आराम, आणि उन्हं कलली की कोपऱ्यावरचा बार.

इस्पितळात एकदा राहून झालं होतं. डॉक्टरांनी सुचित्राला बाजूला घेऊन सांगितलं, लिव्हर फार उरलेलं नाही, पुन्हा थेंबही नको, आणि घरच्या घरी सोडवायला जाऊ नका, इथे घेऊन या. हितेंद्र घरी आला, आठवडाभर शहाण्यासारखा वागला आणि मग पुन्हा चपला घालून निघाला. परत इस्पितळाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. एकदा मात्र दारात थांबून म्हणाला, “घरात दिलंस तर भायर जावचंय नाय.”

हे वाक्य सुचित्राच्या डोक्यात घर करून बसलं. त्या खोलीच्या उंबऱ्याआत दारूची बाटली कधी आली नव्हती. आली ती फक्त राखणदाराची. कणकवलीकडच्या गावात वेशीवर राहून सगळ्यांना सांभाळणारा तो देव, त्याला वर्षातून एकदा कोंबड्याचं जेवण, विडी आणि पेलाभर दारू. मुंबईत वेस कुठली, म्हणून सासू ते मागच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवायची. घरातला पुरुष गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे मोठ्यानं बोलून देवाकडे मागायचं ते मागायचा, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्यावर ‘होय म्हाराजा’ म्हणायचं.

मुलगी दीपिका परळच्या एका लॅबमध्ये कामाला. तिनंच सहज मोबाइलवर आईला एक व्हिडिओ दाखवला होता. कोणी बाई घरी आल्याची बियर करत होती. सुचित्रानं तो पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा.

“ही कितपत चढते गं?”

“थोडीशीच. पण आई, हे मेडिसिन नाहीये हां. डॉक्टर काय बोलले, विसरलीस काय?”

“विसरले नाही. दूध तोडताना पोराला एकदम तोडतात काय? पाणी वाढवत वाढवत नेतात.”

दीपिकानं डोक्याला हात लावला. पण आईच्या पोटात दुसरीच गोष्ट होती, ती तिला ठाऊक नव्हती. दीपिका दहावीला असताना हितेंद्रनं त्याच खिडकीशी गाऱ्हाणं घालताना म्हटलं होतं, पोरीला पास कर, मी विडी सोडतो. पोरगी पास झाली आणि त्या दिवसापासून त्यानं विडी हातात धरलेली नाही. दिवसाला दोन बंडलं ओढणारा माणूस. बायकोला दिलेला शब्द त्यानं शंभरदा मोडला असेल, डॉक्टरला दिलेला तर जिना उतरेपर्यंतही टिकला नाही. राखणदाराला दिलेला मात्र टिकला होता. आता घरात पहिल्यांदा दारू होणार, म्हणजे पहिला पेला राखणदाराचा, आणि गाऱ्हाणं हितेंद्रनंच घालायचं. तिथे उभा राहिला की तो आपसूक म्हणेल, माझं पिणं सोडव. म्हणावंच लागेल. आणखी काय मागणार तो?

एवढ्या एका आशेवर ती बाई कामाला लागली.

दादरच्या मंडईतून रसरशीत आलं आणलं. साल काढून किसलं, साखर घालून उकळलं, कोमट झाल्यावर लिंबू पिळलं आणि केकचं सामान मिळतं त्या दुकानातलं यीस्ट टाकलं. व्हिडिओतल्या बाईनं सांगितली त्याहून साखर तिनं बरीच जास्त घातली. गोड असली की सरबताच्या जवळ जाईल, असा तिचा साधा हिशोब. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी बरणी कुजबुजायला लागली, तसा तिचा जीव हरखला. आंबोळीचं पीठ फुगतं तसंच की हे. मग कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरून तिनं त्या मोरीजवळच्या गारव्यात ठेवल्या. रोज झाकण जरा सैल करून आत साठलेला वायू सोडायचा आणि पुन्हा आवळायचं. यात तिनं कसूर केली नाही.

व्हिडिओतली बाई आणखी एक सांगत होती. रोज चाखून बघा, गोडी असेपर्यंतच फ्रीजमध्ये ठेवा. इथे सुचित्राचं गाडं अडलं. राखणदाराला द्यायचं ते चाखायचं कसं? आणि नैवेद्याचं दूध असतं त्या फ्रीजमध्ये दारू ठेवायची कशी?

“मग मी चाखते,” दीपिका म्हणाली.

“तुझी जीभ काय देवाची आहे?”

गाऱ्हाणं अमावास्येला घालायचं, आणि अमावास्या लांब होती. मे महिन्याचा उकाडा, पत्र्याखालची खोली. बाटल्या मोरीजवळ आपलं काम करत राहिल्या. सुचित्रा रोज झाकणं सैल करायची आणि मनात घोकायची, सोडव रे बाबा. हितेंद्र अजून बारला जातच होता, पण परत आल्यावर बाटल्यांकडे बघून म्हणायचा, “झाली काय गो तुझी?” त्यात थट्टा होती आणि थोडी मायाही होती. अशा वेळी तिला वाटायचं, माणूस अजून आत आहे.

अमावास्येला दीपिका कामावरून लवकर आली. सुचित्रानं कोंबडीवडे केले, अर्थात न चाखता. खिडकीचा कठडा धुतला, केळीचं पान मांडलं. हितेंद्र आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून उभा राहिला. कधी नव्हे तो बारकडे न फिरकलेला. त्याचे हात नेहमीपेक्षा जास्त कापत होते, पण तो तसाच उभा होता. सुचित्राचे डोळे तेवढ्यानंच भरून आले.

तिनं बाटली उघडली आणि स्टीलच्या पेल्यात ओतली. फेस वर आला. हितेंद्रनं नाक जरा पुढे केलं आणि थांबला.

“साखर भारी घातलंस काय?”

“हो. गोड व्हावी म्हणून.”

“गोड खंयची. यीस्ट साखर खाता आणि दारू करता. ह्येनी सगळी खाल्ल्यान.” तो हसला. जाणकाराचं हसू होतं ते, खूप दिवसांनी आलेलं. “सुचित्रा, ही सरबत नाय हां. ही पक्की झाली.”

पोराचं दूध तोडायला म्हणून तिनं जे केलं ते आणखी घट्ट दूधच निघालं होतं. मोरीत ओतून टाकावं, असं वाटलं. पण राखणदाराचा पेला भरून झाला होता. भरलेला पेला मागे घेत नाहीत. आणि गाऱ्हाणं तर अजून व्हायचं होतं. खरं काम तर तेच. दारू पक्की झाली तर झाली, तो एकदा बोलला की आपण सुटलो.

हितेंद्रनं हात जोडले. आवाज मात्र त्याचा अजून रंगमंचामागून हाक मारावी तसा खणखणीत होता.

“बा राखणदारा, म्हाराजा! आज ह्या जा काय तुझ्याफुडे ठेवलला हा, ता गोड मानून घे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” दोघी म्हणाल्या. त्यानं मान लेकीकडे वळवली.

“ह्या चेडवाक सुखात ठेव, तेच्या पायाक काटो लागाक देव नको रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

तो थांबला. सुचित्रानं डोळे मिटले. आता. आता म्हणेल.

“आणि माज्या माघारी हिका कोणाच्या दारार जावची पाळी हाडू नको रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” सुचित्रा म्हणाली.

तोंडाची सवय ती. शब्द कानात शिरून त्यांचा अर्थ लागायच्या आत होकार बाहेर पडला होता. तिनं डोळे उघडले तेव्हा दीपिका तिच्याकडेच बघत होती. दीपिकानं होय म्हटलं नव्हतं.

हितेंद्रनं पानाला हात लावून कपाळाला लावला. झालं. अहो, परत घाला, वेगळं मागा, असं सुचित्राच्या ओठांपर्यंत आलं, पण गाऱ्हाणं परत घालत नाहीत. जे बोललं ते बोललं. आपण जाणार हे धरूनच तो बोलला होता, आणि राखणदारापुढे बोललेलं हा माणूस मोडत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यानं स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. त्याचं मागायचं कधीच संपलं होतं, आणि तिनं, इतके दिवस रोज झाकणं सैल करणाऱ्या तिनं, त्यावर मोठ्यानं होय म्हटलं होतं.

“घाल आता प्रसाद,” तो म्हणाला आणि आपला पेला पुढे केला. तो हातात नीट राहत नव्हता. सुचित्रानं एका हातानं त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं पेला भरून दिला.