उष्टे पेरू

राजारामपुरीत आज सकाळी माझ्या स्कूटीच्या सीटवर चघळून टाकलेला पेरू पडला होता. त्या आंबूस वासानं मला थेट आमच्या जुन्या घरामागच्या परड्यात नेलं.

शेजारच्या जैनबचाचींच्या चिंचेखाली एकदा आमच्या झाडाचे उष्टे पेरू दिसले आणि आईनं त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. वटवाघळं एका झाडाचं फळ दुसऱ्या झाडावर नेऊन खातात, हे आम्हाला कुठलं ठाऊक!

दुसऱ्या सकाळी चाची सूपभर उष्टे पेरू घेऊन दारात. "बघ की गं, ह्ये दात माझं हायत व्हय?" म्हणत त्यांनी आपलं बोळकं उघडलं. आई ओशाळली, मग दोघी पोट धरून हसल्या.

आज मीही वरच्या बाल्कनीकडे बघून ओरडणार होते. पण तिथं राहणाऱ्या बाईचं नावच मला ठाऊक नव्हतं.