टेकूचा कोड आणि गर्डरचे कान

तमाम बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, दोन महिन्यांनी मोडून टाकायची वस्तू नेमक्या कोणत्या कोडप्रमाणे वेल्ड करावी, या प्रश्नावर अकोले तालुक्यातल्या एका कोरड्या ओढ्यात दोन दिवस चर्चा झाली. चर्चेला आम्ही तिघे हजर होतो. निवेदन संपलं. आता बसून घ्या, सगळं सांगतो.

मिरजगावात हायवेलगत माझं वर्कशॉप आहे. आम्ही गेट करतो, शेड करतो, पण नाव आहे ते उसाच्या ट्रॉल्यांचं. त्या नावामागे आमचे मिस्त्री. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. रविवारी चर्चला जाऊन आल्याशिवाय वेल्डिंगच्या होल्डरला हात लावत नाहीत. मी दुपारपर्यंत जेवढं बोलतो तेवढं त्यांना वर्षभर पुरतं.

भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोखंडी पूल व्हायचा होता. त्याचे गर्डर, म्हणजे पुलाच्या लांब लोखंडी तुळया, जोडून होईपर्यंत त्यांना खालून पेलायला ओढ्यात लोखंडी मनोरे उभे करायचे होते. साइटवर त्यांना टेकू म्हणतात. ते काम आम्हाला मिळालं. ट्रॉलीवाल्यांना पुलाचं काम! मी तीन दिवस गावात कारण नसताना फिरून आलो, आणि चौथ्या दिवशी साइटवर मॅडम भेटल्या.

मॅडम म्हणजे सल्लागारांच्या इंजिनिअर, पुण्याच्या. त्यांनी चहा घेणार का असंही विचारलं नाही. विचारलं ते हे : "टेकूचं वेल्डिंग कोणत्या कोडप्रमाणे करणार?"

मी दिलखुलास हसलो. "मॅडम, दोन महिन्यांनी काढायचंय ते. तात्पुरत्या कामाला कसला कोड?"

"टेकू कोसळला तर खालचा माणूस तात्पुरता मरतो का?"

मी हसू आवरून ड्रॉइंगची घडी उलगडायला लागलो. मिस्त्रींनी हा देखावा अगदी मन लावून पाहिला.

कोड म्हणजे नियमांचं पुस्तक. सांधा केवढा, रॉड कोणता, तपासणी कशी, आणि वेल्डिंग करणाऱ्यानं आधी कोणती परीक्षा द्यायची, हे सगळं त्यात असतं. मॅडम म्हणाल्या, "पुलाचं काम आहे, सरसकट पुलाचाच कोड लावू." तिथे घोडं अडलं. मिस्त्रींनी इमारतींच्या पोलादाची परीक्षा दिलेली होती, पुलाची नव्हती. ती फार अवघड. पुण्यात ती पास झालेली टोळी तयार होती. म्हणजे पुलाचा कोड लागला की मिस्त्री परत मिरजगावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाठ करून आलेलं भाषण केलं. "मॅडम, पुलावरून रात्रंदिवस गाड्या जाणार. प्रत्येक गाडीला पूल हलणार, सांधे थकत जाणार. म्हणून तो कोड एवढा कडक. टेकूवरून एक सायकल तरी जाणार आहे का? तो बापडा इमारतीच्या खांबासारखा वजन घेऊन नुसता उभा राहणार. त्याला इमारतींचा कोड लावा. पण लावाल तो पूर्ण लावा, दोन महिन्यांसाठी म्हणून एक कलमसुद्धा सोडू नका."

मॅडमनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं. "पटतंय," म्हणाल्या. "टेकूला इमारतींचा कोड."

मी ओढ्यातल्या धोंड्यांना वाकून नमस्कार करणार, तेवढ्यात मिस्त्रींनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "हे गर्डरवरचे कान कशाचे?"

"क्रेनचा हूक अडकवायला," मॅडम म्हणाल्या. "तेही तुम्हीच वेल्ड करायचे, आणि गर्डर बसले की कापून टाकायचे."

"म्हणजे तात्पुरतेच," मी घाईनं म्हणालो आणि हळूच मिस्त्रींचा पाय दाबला.

"पाय कशाला दाबताय मालक? कान तात्पुरता हाय, गर्डर न्हाई." मग ते मॅडमकडे वळले. "आमच्याकडं एक ट्रॉली आल्ती. तिच्या तळाच्या चांगल्या लोखंडी चॅनलला कुणीतरी साखळीसाठी हूक चिकटवला हुता. पुढं हूक काढला, पर वेल्डिंगचा डाग ऱ्हायला. सीझनमधी उसानं भरलेली ट्रॉली बरोबर तिथंच चिरली. तवा टेकूला कंचाबी कोड लावा. पुलाच्या अंगाला जिथं आपली आग लागंल, तिथं पुलाचाच कोड पायजे."

मॅडमनी ड्रॉइंगवरच्या त्या कानांभोवती पेन्सिलीनं गोल काढला. "हे माझ्याकडून सुटलं होतं," त्या म्हणाल्या.

ठरलं. टेकूला इमारतींचा कोड, कानांना पुलाचा. मुख्य ठेकेदार एका साइटवर दोन टोळ्या ठेवायला तयार नव्हता. मिस्त्री पुलाच्या परीक्षेत नापास झाले तर कानांबरोबर टेकूही पुण्याच्या टोळीकडे जाणार होते.

जीपमध्ये मी फुगून बसलो होतो. "गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"काय न्हाई. वेल्डिंग मीच केलं असतं," मिस्त्री म्हणाले. "अन् पूल चिरला असता तर तोबी मीच चिरला असता."

परीक्षा आठ दिवसांनी झाली. गर्डरचंच पोलाद, प्लेटी उभ्या धरलेल्या, आधी गॅसनं तापवून घेतलेल्या. मिस्त्रींनी खालून वर सांधा चढवत नेला. घाई नाही, थांबणं नाही, हात असा की जणू रांगोळीची रेघ ओढतायत. मग त्या सांध्यातून चार पट्ट्या कापल्या आणि आम्ही संगमनेरच्या एका वर्कशॉपात गेलो. तिथल्या प्रेसमध्ये पट्टी मधोमध वाकवून घोड्याच्या नालेसारखी करायची. वाकताना सांधा फाटला की खेळ संपला.

पहिली वाकली. दुसरी वाकली. तिसरीच्या वेळी मी प्रेसकडे पाठ करून कॅलेंडरवरच्या तारखा वाचत उभा होतो. चौथी बाहेर आली तेव्हा मॅडमनी चारही पट्ट्या उन्हात नेल्या, भिंग लावलं, अंगठा फिरवला. वेल्ड कुठे संपतो आणि मूळ लोखंड कुठे सुरू होतं, तेही हाताला कळत नव्हतं. एकही चीर नाही. माझ्या वर्कशॉपचा माणूस! मी घसा खाकरून अभिनंदनाच्या भाषणाची तयारी केली. पण आयुष्यात प्रथमच मिस्त्री माझ्याआधी बोलले.

"मॅडम, यातली एक घरी न्यायची हाय. बायकोला दावायला."

"तसं चालत नाही, मिस्त्री. पट्ट्या रेकॉर्डला ठेवाव्या लागतात," मॅडम म्हणाल्या. हातातली पट्टी त्यांनी पुन्हा एकदा उन्हात फिरवली, आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं :

"दोन रेकॉर्डला ठेवू. एक तुम्ही न्या, आणि एक मला हवीय."