हजेरीच्या कोऱ्या कागदावर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. शेतकरी गटाचा सचिव म्हणून राणीसावरगावात मला मान आहे. तो मी मुकाट्यानं घेत आलो.

आमच्याकडे बैठकीच्या हजेरीचा कागद कोराच फिरतो. सह्या आधी, मजकूर मागाहून. कुणाला वावगं वाटत नाही. का वाटावं? लिहिणारा घरचाच असतो ना.

तेव्हा बाहेरच्या काही देशांशी व्यापाराचा करार ठरत होता. तिकडची तूर विनाजकात यावी, ही डाळमिलवाल्यांच्या संघटनेची मागणी. सरकारलाही करार हवाच होता — फक्त शेतकऱ्यांची हरकत नाही, एवढा एक कागद फायलीला हवा होता. तो आणायचा कुणी? संघटनेच्या अध्यक्षांनी मला परभणीला बोलावलं, मानानं शेजारी बसवलं. दिल्लीच्या शिष्टमंडळात तुमचं नाव घालतो, म्हणाले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागं — ती मेंढी मीच.

मग मी काय केलं? सांगतो. बियाण्यांच्या बैठकीचा सह्यांचा कागद घरी पडला होता. वरच्या कोऱ्या जागेत मी माझ्या हातानं लिहिलं — बाहेरची तूर येण्यास आमची हरकत नाही. खाली पहिलीच सही रखमाकाकूंची. शेजारच्या काकू, साठीत सही शिकलेल्या. एकेक अक्षर सुटं, जपून काढलेलं.

मी दिल्ली पाहिली. फोटो अजून घरच्या बैठकीत लावलेला आहे.

करार झाला. ऐन सुगीत बाहेरची तूर आली आणि आमच्या तुरीचा भाव बसला. पुढच्या वर्षी काकू आयुष्यात पहिल्यांदा लेकासुनेबरोबर ऊसतोडीला निघाल्या. ट्रकमध्ये चढता चढता थांबल्या.

"बापू, ही बाहीरची तूर कोन आनायलंय रं? आमाला कुनी इचारलं बी न्हाई."

दिल्लीवाले, काकू, असं मी म्हणालो. वर त्यांचं गाठोडंही उचलून दिलं. लाज वाटते — त्या गाठोड्याची जास्त.

मिलवाल्यांनी गळ घातली, सरकारनं कागद मागितला, हे खरं. पण लिहिणारा हात माझा होता.

काकू परत आल्यात. कागदाची नक्कल माझ्याकडे आहे. उद्या सकाळी पारावर, सगळ्यांदेखत, ती मोठ्यानं वाचणार. सचिवपद तिथंच सोडणार. मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

काकूंना कुणी विचारलं नव्हतं, हे खरंच आहे. त्यांच्या नावानं हो म्हणणारा मी होतो.