आठ नंबरची काच

आधीच सांगून टाकतो, मी फिजिक्स शिकवतो. चिखलीच्या एका कॉलेजात, अकरावी-बारावीला. करणी, भानामती, नजर असलं काही स्टाफरूममध्ये निघालं की सगळ्यांत जास्त टिंगल मीच करतो. तेव्हा हे वाचून कोणी माझी टिंगल केली तर तक्रार नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

माझी पीएचडी सोलर सेलवर आहे. काचेवर तांबं, जस्त, कथील आणि गंधक यांचा केसाहून बारीक थर द्यायचा, भट्टीत तापवायचा, सेल पुरा करायचा आणि उजेडाखाली त्याची वीज मोजायची. यातली गंमत अशी, की थरात सोडियमचा लवलेश जरी गेला तरी सेल सुधारतो, भाजीत चिमूटभर मीठ पडावं तसा. साध्या काचेत सोडियम असतोच. भट्टीत तो आपसूक वर थरात चढतो. म्हणून तुलनेसाठी मी क्वार्ट्झच्या तीन काचा घेतल्या, ज्यांत तो नसतो. सात, आठ आणि नऊ नंबर. या तिन्ही फिक्या निघाल्या, म्हणजे त्यांनी वीज कमी दिली, तरच बाकीच्यांतली सुधारणा सोडियमची, असं मला म्हणता येणार होतं. सगळा प्रबंध या तीन फिक्या काचांवर उभा होता, आणि मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. (लोणारच्या खाऱ्या तळ्याशेजारचा माणूस सोडियम शोधत फिरतो म्हणून मित्र चिडवायचे, ते वेगळंच.)

विद्यापीठात मोजल्या तेव्हा तिन्ही फिक्याच होत्या. दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये पुन्हा मोजायच्या होत्या, म्हणून वाटेत डोणगावला घरी उतरलो. घरी आई एकटीच असते, मागे वांग्या-मिरच्यांचा मळा आहे. इतकी वर्षं तू नेमकं काय करून राह्यला, असं तिनं विचारलं. मी ओसरीतल्या बाजेवर पडल्या पडल्या आठ नंबरची काच तिला दाखवली, सीलबंद प्लास्टिकच्या पाकिटातूनच. बाकीच्या बॅगेत होत्या. समजावता समजावता माझाच डोळा लागला. एसटीत रात्रभर उभा होतो.

जाग आली ती चुलीत मीठ तडतडल्याच्या आवाजानं. आईनं दृष्ट काढली होती. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, म्हणजे नजर जबर होती, असं तिचं म्हणणं. मी हसलो. या काचेला मिठातल्या सोडियमचंच वावडं आहे, हे तिला सांगितलं. तरी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं... सील जसंच्या तसं होतं.

लॅबमध्ये सात फिकी निघाली, नऊ फिकी निघाली. आठ मात्र सोडियम घातलेल्या काचांच्या तोडीस तोड. तीनदा मोजली. माझा प्रबंधच खोटा पडत होता.

पीएचडीचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, काचा बदलल्या असतील. पण आठचा आकडा मी स्वतः हिरकणीच्या पेननं कोपऱ्यात कोरलेला होता. नुसतं ठेवूनही सेल कधी कधी सुधारतो, मान्य. मग सात आणि नऊ का सुधारल्या नाहीत? राहता राहिलं मीठ. पण पाकीट बंद होतं, आणि भट्टीशिवाय मीठ थरात शिरत नाही. शेवटी आठचा एक कोपरा कापून एकेक थर तपासून घेतला. सोडियम नव्हता! नव्हताच, आणि काच वागत होती तो असल्यासारखी.

सर शांतपणे म्हणाले, आठ नंबर गाळून टाका, दोन काचा पुरेत. मोह झाला, खोटं कशाला बोलू.

पण चैन पडेना. पुढच्या सुट्टीत सात नंबर घेऊन डोणगावला गेलो आणि आईला म्हणालो, तसंच पुन्हा कर. तिनं पाटावर काच ठेवली. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन सात वेळा उतरवलं, चुलीत टाकलं. मी वहीत वेळ लिहून घेत होतो. स्टाफरूमनं पाहायला हवं होतं मला.

लॅबमध्ये पुन्हा मोजली, तर सात फिकीच राहिली. फोन करून आईला सांगितलं, की या वेळी काहीच झालं नाही. माझ्या आवाजात सुटका कमी आणि हिरमोड जास्त होता.

ती म्हणाली, "तवा मी काचेवरून कुठं उतरवली होती? तुह्यावरून उतरवली. तू दमून निजेल होता, काच तुह्या छातीवर होती."

मी वही उघडली आणि तिचं वाक्य त्या वेळांच्या खाली लिहून घेतलं.

आठ नंबर प्रबंधात ठेवला आहे. पुढे लिहिलंय, कारण अज्ञात. सर नाराज आहेत. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे, तिथे विचारतीलच, आणि याच एका काचेपायी पदवी अडकूही शकते.

नऊ नंबर अजून कपाटात आहे. प्रयोग नीट करायचा तर ती छातीवर ठेवून ओसरीत निजायला हवं. पण त्यासाठी मला झोप खरी लागायला हवी, आणि आईनं कोणी न सांगता चुलीकडे जायला हवं. आता मी घरी गेलो की आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहत जागे असतो. कारण अजून सापडलेलं नाही.