बाळराजांच्या बरणीतलं मीठ

पोटुशी पोर, आठवा महिना, आणि तिला संग्रहालय बघायचंय! गावाहून राजधानीच्या, सोलच्या बसमध्ये बसल्यापासून मालसुनच्या जिवाला थारा नव्हता. लेक मीरान शाळेत होती तेव्हासुद्धा सहलीतून राजवाड्याला न जाता मैत्रिणीकडे पळाली होती. तिला आता राजाराणीचा उमाळा कुठून आला? आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा टिकले नव्हते. मांडीवर घेतलेलं गाठोडं मालसुननं घट्ट धरलं. त्यात किमचीचा, खारवलेल्या तिखट कोबीचा, डबा होता. वास सहन होत नाही म्हणून मीराननं दोन महिन्यांपासून किमची नको म्हटलं होतं, तरी रिकाम्या हातानं लेकीकडे जाणार कशी?

मुली झाल्या तेवढ्या पुरे, ही शेवटची ठरो, म्हणून बापानं तिचं नाव मालसुन ठेवलं होतं. ती मात्र नकोशी म्हणून कुठे कोपऱ्यात बसली नाही. राजाच्या टेकडीखालच्या गावात लग्न होऊन आली, नवरा लवकर गेला, मिरच्या पिकवून तिनं एकुलत्या मुलीला शिकवलं. थंडीच्या तोंडाला किमचीचा कोबी खारवायचा म्हटलं की अर्धं गाव तिच्या परसात जमे. तिच्या हाताला चव आहे म्हणत. सासू मात्र हात कुठला, बरणी चांगली म्हणून मीठ गोड, असं म्हणून सुनेचं श्रेय काढून घेई. बरणीही तशीच होती, दुधासारखी पांढरी, खांद्यावर चार कान असलेली. सासऱ्यानं आपल्या बापाला त्या टेकडीवर चोरून पुरलं होतं. तिथली माती वंशाला लाभते असं सगळं गाव समजे आणि सगळं गाव चोरूनच पुरे. तेव्हा खणताना ती बरणी लागली. सासूनं आतलं काय ते ओतून टाकलं, बरणी घासली आणि मीठ भरलं. मालसुन तेव्हा नवी नवरी होती, विचारतं कोण? पुढे वर्षानुवर्षं तीच मीठ भरत आली.

संग्रहालयात मुकुट होते, जरीची वस्त्रं होती. मीराननं एकाकडेही वळून पाहिलं नाही. कमरेवर हात ठेवून ती सरळ एका काचेच्या कपाटापाशी गेली.

कपाटात पांढरी बरणी होती. खांद्यावर चार कान.

मालसुन दोन पावलं मागेच थांबली.

"राजघराण्यात मूल जन्मलं की मागून पडलेली त्याची वार धुऊन अशा बरणीत ठेवायचे," मीरान सांगू लागली. "मग शुभ टेकडी शोधून पुरायचे. वारेला धक्का लागला, तर बाळाच्या नशिबाला लागतो म्हणत." हे सगळं बाजूच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण मीरान पाटीकडे पाहतच नव्हती. तिची नजर आईवर होती.

"ओळखलीस?"

"काय ओळखायचंय? बरणी आहे."

"आपली मिठाची बरणी अशीच आहे, आई. दोन महिन्यांपूर्वी मोबाईलवर फोटो दिसला. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मी असलं काही मानत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"मग आधीची दोन का गेली?" तिचा आवाज फाटला. "मी जन्मभर तेच मीठ खाल्लंय."

वास कसला आणि काय कसलं! पोर दोन महिने घाबरून उपाशी राहिली होती. आपल्या परसात कुणाची वार ओतली, कुठल्या आळ्यात ओतली, हेच मालसुनच्या डोक्यात घुमत होतं. पण लेकीचे ओठ थरथरताना पाहिले आणि ती फिस्सकन हसली.

"हात्तिच्या! एवढ्यासाठी मला बसमध्ये हाडं मोडून आणलंस? अगं, आपली बरणी तुझ्या आजीनं फेरीवाल्याकडून घेतली. मी दारातच उभी होते. तांदूळ घातले, वर त्या मेल्याशी भांडली!"

"खरंच? आणि हे चार कान?"

"झाकण दोरीनं बांधायचं तर कान नकोत? उंदराला काय, राजा आणि रयत सारखीच."

मीरान हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. बाहेर पिवळ्या पडलेल्या गिंकोच्या झाडाखाली बाकावर टेकताच म्हणाली, "किमची आणलीयस ना?"

"घरी गेल्यावर खा. इथे लोक बघतील."

"बघू देत. भूक लागलीय मला!"

गाठोड्याची गाठ मालसुनला सुटेना. शेवटी मीराननंच ती सोडली आणि डबा मांडीवर घेऊन बोटांनीच खायला लागली. कोबीची लाल पानं एकामागून एक पोटात जात होती. डबा हिसकावून घ्यावा असं मालसुनला फार वाटलं. पण हिसकावला असता तर सगळंच उघडं पडलं असतं.

"तू घे ना, आई."

"तू खा. मी जरा जाऊन येते." म्हातारपणी या कारणावर कुणी शंका घेत नाही.

ती आत गेली ती थेट त्या कपाटापाशी. भोवती कुणी नव्हतं. गुडघे कुरकुरत असताना तिनं जमिनीला कपाळ टेकवलं. सणाला पितरांना घालते तसा पुरा नमस्कार घातला. राजपुत्राशी कसं बोलायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण वार पुरली तेव्हा तो असेल चार दिसांचं पोर, असं म्हणून तिनं धीर केला.

"आजी, बरं वाटत नाही का?" रखवालदार धावत आला.

"काही नाही रे बाबा. जरा टेकले."

तो वळल्यावर ती काचेच्या अगदी जवळ सरकली.

"तुमची बरणी मी आणून देते, बाळराजे. आतलं माझ्या सासूनं ओतलं, ती गेली. मीठ मी भरलं, मी आहे." तिनं काचेवर तळहात टेकवला. "माझी पोर नुसती जेवली हो."