बाल्कनीच्या दारावरची रखमाबाई

ठाण्याच्या सेशन कोर्टात मी एकतीस वर्षं स्टेनो होतो. खून, दरोडे, जाळलेल्या सुना, सगळं माझ्या बोटांखालून गेलं. साक्ष टाइप करताना तिच्या अर्थाकडे लक्ष द्यायचं नसतं, नाहीतर हात अडखळतो. रखमाबाई शेडगेच्या जबाबाला मात्र माझा हात थांबला होता. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे मी पुढचं वाक्य घेतलं.

रखमाबाई पोलादपूरकडची. लग्न होऊन ठाण्यात आली. नवरा उत्तम खोपट भागात एका खाजगी गॅरेजात कामाला होता. एका सकाळी जॅक सरकला आणि टेम्पो त्याच्या छातीवर बसला. बाई पंचवीस वर्षांची, पदरात रसिका नावाची दीड वर्षाची मुलगी. गॅरेजच्या मागेच चंद्रविलास टॉकीज होतं. तिथला डोअरकीपर सखाराम तिच्याच गावाकडचा. त्याने मॅनेजरला सांगून तिला चिकटवून घेतलं. बाल्कनीत बायका, पोरं, कुटुंबं बसायची. तिकडच्या दाराला बाई असली तर बरं, असं मॅनेजरलाही वाटत होतं.

आता ज्यांनी फक्त मॉलमधली थिएटरं पाहिली आहेत त्यांना सांगून पटायचं नाही, पण चंद्रविलासला शुक्रवारचा पहिला खेळ म्हणजे अर्धी दंगलच असायची. बुकिंगच्या खिडकीला लोखंडी जाळी, जाळीत मनगट जाईल एवढं भोक, आणि त्या भोकात एका वेळी चार हात. लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून खिडकीपर्यंत पोचायचे. हातात तिकीट यायचं तेव्हा शर्टाची बाही गेलेली असायची. आत पंखे बंद पडले की खुर्च्यांचे पत्रे वाजायचे, रीळ तुटलं की खुर्च्याच तुटायच्या. पडद्यावर सोडावॉटरच्या बाटल्या बसून बसून खालच्या बाजूला ठिगळं लावली होती, आणि हिरॉइनचे पाय नेहमी त्या ठिगळांवर यायचे.

या सगळ्यात रखमाबाई बाल्कनीच्या दाराशी स्टूल टाकून बसायची. बुटकी, रुंद खांद्यांची, नऊवारी सोडून पाचवारीवर आलेली. पहिल्या वर्षी तिने तिकीट मागितलं म्हणून एकाने तिच्या मनगटावर सिगरेट विझवली. तिने त्याची कॉलर धरली आणि बावीस पायऱ्या त्याला तोंडावर खाली आणलं. त्याचे दोन दात सातव्या पायरीवर सापडले. त्यानंतर अंधारात बायकांच्या रांगेत हात घालणारे किती जण तिच्या हाताखालून गेले याचा हिशेब नाही. चित्रपट पाहायला येणाऱ्या बायका दारातच विचारायच्या, "रखमाबाई हाय ना आज?" ती असली की त्या लेकी-सुनांना घेऊन आत शिरायच्या.

"हात चालला की बरं वाटायचं, साहेब," तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. "खोटं कशाला बोलू? उत्तम गेल्यापासून अंगात काहीतरी साठलेलं असायचं. एकाला हाणला की दोन दिवस झोप लागायची."

सखाराम तिला समजवायचा. तो खालच्या दारावर असायचा, साठीचा, कमरेत वाकलेला, कुणाला 'अरे' म्हणून हाक न मारणारा माणूस. "बाय, दार राखायचं आपलं काम. मानसं मोडायचं न्हवं," असं म्हणायचा. ती हसायची. पण रोज दुपारी डबा ती त्याच्यासोबतच खायची, आणि रसिकाच्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून सखारामची सही होती.

दोन हजार चार सालचा एक शुक्रवार. तीनचा खेळ, हाऊसफुल्ल. तिकिटं ब्लॅक करणारा जगन नावाचा माणूस चंद्रविलासच्या आवारात बरीच वर्षं धंदा करत होता. त्या दिवशी बाहेरून दुसरी टोळी आली. सकाळी फाटकात जगनने त्यांच्यातल्या एकाच्या तोंडावर वस्तरा फिरवला. दुपारी ते पाच जण होऊन परत आले. चार जणांकडे हॉकी स्टिक, एकाकडे तलवार. आणि एक सहावा, उगीच मागे आलेला, बाळकुमचा एकोणीस वर्षांचा सूरज. त्याच्या हातात कुणीतरी चॉपर दिला होता.

जगन जीव घेऊन खालच्या स्टॉलच्या खुर्च्यांमध्ये पळाला. मागोमाग ते. खालच्या दारावर सखाराम आडवा झाला. "तिकीट?" एवढंच तो म्हणाला असं दोन साक्षीदारांनी सांगितलं. सवयीने म्हणाला असेल. तलवार त्याच्या मानेत बसली. तो दाराला धरून हळूहळू खाली सरकला आणि लोक त्याच्या अंगावरून बाहेर पळू लागले.

आरडाओरडा ऐकून रखमाबाई जिन्याने खाली धावली. सखारामचं डोकं तिने मांडीवर घेतलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. रक्त तिच्या साडीतून पायापर्यंत आलं. एवढ्यात तिला दिसलं की जगन स्टॉलच्या दुसऱ्या दाराने निघून बाल्कनीच्या जिन्याने वर पळतोय आणि ते त्याच्या मागे. वर चाळीसेक बायका, त्यात तान्ही पोरं. तिने सखारामचं डोकं फरशीवर ठेवलं आणि मागच्या लोखंडी जिन्याने त्यांच्या आधी वर पोचली.

जगन आत घुसून खुर्च्यांखाली शिरला होता. रखमाबाईने दार लोटलं, पण अडसर घालायच्या आत एक जण फटीतून आत आला. सूरज. त्याच्यामागे तिने दार दाबून वरची कडी लावली; बाकीचे बाहेर दारावर लाथा घालत होते. बायका किंचाळत भिंतीकडे पळाल्या. पडद्यावर चित्रपट चालूच होता. प्रोजेक्टरवाल्याला काही कळलंच नव्हतं. सूरजने आंधळेपणी चॉपर फिरवला आणि समोरच्या एका बाईचा दंड हाडापर्यंत फाटला. तिच्या कडेवर मूल होतं.

अडसर म्हणजे हाताएवढी लोखंडी पट्टी. रखमाबाईने ती सूरजच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. चॉपर खुर्चीखाली गेला. मग तिने दुसऱ्यांदा पट्टी उचलली आणि त्याच्या तोंडावर घातली.

दार तुटलं नाही. पोलीस आले, पाचही जण पकडले गेले, पुढे तिघांना जन्मठेप झाली. जगन त्या गोंधळात कुठूनतरी निसटला आणि पुन्हा ठाण्यात दिसला नाही. सखाराम जागच्या जागी गेला होता. सूरजचा एक डोळा त्याच दिवशी गेला. दुसरा महिनाभराने.

पेपरात रखमाबाईचा फोटो आला. सोसायट्यांनी साड्या दिल्या, नारळ दिले. पण सूरजच्या घरच्यांनी तक्रार केली आणि तिच्यावरही खटला उभा राहिला. तिला चांगला वकील मिळाला. दंड फाटलेली बाई स्वतः साक्षीला आली आणि म्हणाली, ही नसती तर माझं मूल नसतं. स्वसंरक्षणाचा मामला, बाई सुटणार, हे कोर्टातल्या शिपायालाही कळत होतं.

शेवटी आरोपीचा जबाब असतो. जज्जसाहेब एकेक प्रश्न विचारतात, आरोपी उत्तर देतो. वकिलाने तिच्याकडून घोकून घेतलं होतं: तो चॉपर घेऊन अंगावर आला, मी पट्टी फिरवली, कुठे लागली ठाऊक नाही. तिने तसंच सांगितलं. मग जज्जसाहेबांनी नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?"

सगळे 'नाही' म्हणतात. मी बोटं तशी ठेवलीसुद्धा होती.

"आहे," रखमाबाई म्हणाली. "फटके दोन होते. पहिल्याला चॉपर पडला. मग तो खाली बसला. मोडलेला हात पोटाशी धरलेला आणि दुसरा हात असा वर केला. 'मावशी, नको' म्हणाला. तेव्हा मी दुसरा मारला."

वकील उठून उभा राहिला. जज्जसाहेबांनी त्याला हातानेच बसवलं. "कशासाठी मारला?"

"माझ्या साडीवर सखारामचं रक्त होतं. आणि हा समोर होता."

हीच ती दोन वाक्यं, जिथे माझा हात थांबला.

तिला दोन वर्षांची शिक्षा झाली. वकिलाने तिच्याशी बोलणं सोडलं. रसिका तेव्हा कॉलेजात होती. तुरुंगाच्या भेटीत ती आईला म्हणाली, "तुला खरं बोलायचं होतं ना? मग आता मी कुणाकडे राहू, ते पण खरं सांग." ती दोन वर्षं पोरगी सखारामच्या सुनेकडे राहिली.

सुटून आल्यावर चंद्रविलासच्या मॅनेजरने तिला परत त्याच दारावर घेतलं. महिना झाला असेल. बाराच्या खेळाआधी ती ग्रिल उघडत होती. सूरजचा भाऊ आणि आणखी एक जण मोटरसायकलवरून आले. त्यांनी तिला पायरीवर पाडलं आणि हॉकी स्टिकने मारलं. डावा हात कोपरात मोडला, दोन बरगड्या गेल्या, कानाची पाळी फाटली. पानवाल्याने नंतर सांगितलं, बाईने हात वर केला नाही, ओरडलीही नाही. फक्त तोंड पोटाकडे वळवलं.

हॉस्पिटलात हवालदाराने विचारलं, "कोण होते?"

"जिन्यावरून पडले."

"रखमाबाई, पानवाल्याने पाहिलंय."

"मग पानवाल्याला विचारा. मी पडले."

हाताचं प्लास्टर निघाल्यावर ती बाळकुमला गेली. तेव्हा तिथे टॉवर उभे राहायला लागले होते, पण सूरजचं घर अजून जुन्या गावठाणात होतं. अंगणात त्याची आई विमलाबाई सुकी मासळी निवडत बसली होती. तिने ओळखलं.

"कनाला आयलीस?" ती म्हणाली. "माजे पोराचे डोले घेतलेस, आता काय ऱ्हायलंय?" आणि पायातली चप्पल काढून तिने रखमाबाईच्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा, मग मोजता येणार नाही इतक्यांदा. शेजारच्या बायका गोळा झाल्या, कुणी आवरलं नाही. शेवटी विमलाबाई स्वतःच दमून ओट्यावर बसली आणि रडायला लागली.

आतून सूरजने विचारलं, "आये, कोण हाय?"

"मी," रखमाबाई म्हणाली. "चंद्रविलासवाली."

तो दाराशी आला, चौकट चाचपत. मग म्हणाला, "म्हाताऱ्याला मी नव्हता मारला."

"माहीत आहे."

"आता माहीत आहे का तेव्हा पण होतं?"

रखमाबाईला इथे खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "तेव्हा पण. तुझ्या चॉपरला तोपर्यंत रक्त नव्हतं, तू आत आलास तेव्हा मी बघितलेलं."

सूरज परत आत गेला. विमलाबाईने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "जा. परत नको येऊस." रखमाबाई परत गेली नाही. पुढे त्यांना घराच्या बदल्यात टॉवरमध्ये फ्लॅट मिळाला, त्यात सूरज भावाबरोबर राहतो, एवढंच तिने कुणाकडून तरी ऐकलं.

चंद्रविलास दोन हजार अठरात बंद पडलं. मारामारीने नाही, माणसंच येईनाशी झाली. मोबाइलवर घरबसल्या सीट नंबर मिळू लागला, तेव्हा जाळीतून हात घालायला कोण येणार? शेवटच्या खेळाला बाल्कनीत चार जण होते, त्यातले दोघे झोपायला आलेले. तीन वर्षं इमारत तशीच उभी होती. मग जेसीबी आला. रखमाबाई तीन दिवस समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघत होती. बाल्कनीचा स्लॅब दुसऱ्या दिवशी पडला.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"नाही. वाटलं, एकदाचं पडलं. मग घरी जाऊन दोन दिवस जेवले नाही."

हे सगळं ती मला डोंबिवलीत सांगायची. बायको गेल्यापासून मी ज्या पोळी-भाजी केंद्रातून डबा नेतो, तिथे रखमाबाई पोळ्या लाटते. रसिका लग्न करून डोंबिवलीला आली, तिच्या मागोमाग ही. डावा हात कोपरातून सरळ होत नाही, तरी सकाळच्या वेळात दोनशे पोळ्या होतात. केंद्र हेमाताईंचं. शांत, शिकलेली बाई, बँकेतली नोकरी सोडून हा व्याप मांडलेला.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एका सकाळी हेमाताईंचा नवरा दुकानात आला. दोघं वेगळी राहतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी डब्यासाठी बाकावर बसलो होतो. त्याने काउंटरवरून हात घालून हेमाताईंचे केस धरले आणि त्यांचं डोकं काचेवर आपटलं. काच तडकली. मी उठलो, पण सत्तरीच्या माणसाचं उठणं ते केवढं. मी रखमाबाईकडे पाहिलं. तिच्या हातात लाटणं होतं, तिच्या आणि त्या माणसाच्या मध्ये दोन हातांचं अंतर.

तिने लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि मागच्या दाराने बाहेर निघून गेली.

त्याने हेमाताईंची दोन बोटं मागे वाकवून मोडली. मी ओरडलो, समोरचा गॅसवाला आणि दोन रिक्षावाले धावत आले, त्यांनी त्याला धरलं. मी मागे गेलो. रखमाबाई मोरीच्या कट्ट्याला धरून उभी होती, नळ चालू, हात पिठाचे तसेच.

"तुम्ही मध्ये यायला हवं होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"आले असते तर तो गेला असता, साहेब," ती म्हणाली. "मला माझा भरवसा नाही. एकावर मी थांबत नाही."

"म्हणून तिला मार खाऊ द्यायचा?"

नळ बंद करून ती आत गेली, फ्रिजमधला बर्फ फडक्यात बांधला आणि हेमाताईंच्या बोटांना लावायला गेली. हेमाताईंनी हात मागे घेतला.

चार दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. ती रोज वेळेवर यायची, लाटून जायची. पोलीस चौकीत तिने जबाब दिला, काय पाहिलं ते सगळं, आणि त्यात आपण निघून गेलो हेही सांगितलं. पाचव्या दिवशी हेमाताईंनी प्लास्टरच्या हाताने कणकेची परात तिच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "रखमाबाई, आज जरा मऊ मळली आहे. पीठ जास्त घ्या."

"हो ताई," ती म्हणाली आणि कामाला बसली.